शक्तीच्या घरातला तुरा

"शेवंता पाष्टे, तू तुऱ्याकडं," आवटी सर म्हणाले आणि नववीचा अख्खा वर्ग चिडीचूप झाला.

सरांना वाटलं, पोरं खूश झाली. ते हातातला खडू झेलत फळ्यापाशी गेले. फळ्याच्या डाव्या अंगाला त्यांनी मोठ्या अक्षरात 'से' लिहिलं होतं, उजव्या अंगाला 'टेल'. खिडकीकडच्या रांगेतली पोरं 'से'ची, म्हणजे शक्तीवाली. भिंतीकडच्या रांगेतली 'टेल'ची, म्हणजे तुरेवाली. शक्तीचा म्होरक्या विलास भुवड, कारण त्याचा आवाज पार साकवापलीकडे ऐकू जायचा. तुऱ्याची म्होरकी मी, कारण मधल्या सुट्टीत पाण्याच्या पिंपावर ठेका धरून गुणगुणताना सरांनी मला पकडलं होतं.

मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "सर, असा नाय चालत."

"का नाही चालत?" सर म्हणाले. "इंग्रजीला काय वाडी असतीय व्हय?"

सरांची काही चूक नव्हती. ते सांगलीकडचे, कोकणात पहिलंच वर्ष. तिमाही परीक्षेत आमच्या वर्गानं 'म्हणाला' आणि 'सांगितलं' या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची अशी खिचडी केली होती की पेपर तपासून सरांना तापच भरला असणार. मराठीत आपण 'तो मला म्हणाला' असं खुशाल म्हणतो. तेच आम्ही उचलून इंग्रजीत ठेवलं आणि झाडून साऱ्यांनी 'ही सेड मी' लिहिलं. सरांनी समजावलं, रागावले, शंभरदा लिहून आणायला लावलं. आम्ही चुकीचंच शंभरदा लिहून आणलं. मग गणपतीत तालुक्याला त्यांनी शक्ती-तुऱ्याचा सामना पाहिला आणि ते वेडे झाले. दोन पक्ष, एकानं गाण्यातून सवाल करायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा, आणि ऐकणाऱ्या बायाबापड्यांना ती कवनं वर्षानुवर्षं पाठ. सरांनी ठरवलं, स्नेहसंमेलनात 'से' आणि 'टेल' असेच एकमेकांपुढे उभे करायचे.

त्यांना एवढंच कुणी सांगितलं नव्हतं की शक्ती आणि तुरा हे बाकांच्या रांगेवरून ठरत नाहीत. ते जन्मावरून ठरतात. शक्तीवाला म्हणणार, जग आदिमायेनं चालतं. तुरेवाला म्हणणार, शिवावाचून माया काय करील? आमच्या कोंडशेत गावात सडेवाडी सगळी शक्तीची आणि ओढ्याच्या, म्हणजे पऱ्ह्याच्या, पलीकडची भुवडवाडी सगळी तुऱ्याची. मधल्या साकवावरून, त्या लाकडी पुलावरून, बियाणं जायचं, सुनाही यायच्या-जायच्या. पण सडेवाडीच्या माणसाच्या तोंडून तुऱ्याचं कवन निघालं असं कुणी ऐकलं नव्हतं. माझी सखी आत्या भुवडवाडीत दिलेली. लग्नानंतर ती माहेरच्या ओटीवर बसून भाताची लोंबी निवडायची, पण माहेरचा गण सुरू झाला की ओठ मिटून घ्यायची.

आणि मी तर कोण? सडेवाडीच्या शक्तीचे शाहीर रावजी पाष्टे, त्यांची मुलगी. पाच पिढ्या घरात शाहिरी. विलास भुवड हा भुवडवाडीचे शाहीर भागोजी भुवड यांचा नातू. बाबा आणि भागोजीबुवा उभा जन्म एकमेकांपुढे उभे राहिलेले. गाण्याबाहेर दोघांचं बोलणं नाही, पण एकमेकांची कवनं दोघांनाही तोंडपाठ. सरांनी नेमकी अशा दोन घरांतली पोरं निवडून उलट्या बाजूंना बसवली, आणि वर्गात आम्ही वाडीवार बसायचो म्हणून आमच्यामागे अख्ख्या वाड्याच उलट्या बाजूंना गेल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मला तेव्हाच उठून सांगता आलं असतं. विलासलाही आलं असतं. तो माझ्याकडे बघत होता आणि मी फळ्याकडे. मी उठले नाही, कारण त्या दिवसापर्यंत मला कुणीच 'तू गा' असं म्हटलं नव्हतं.

आमच्याकडे बायका जाखडीत, म्हणजे शक्ती-तुऱ्याच्या नाचगाण्यात, गात नसत. बाबांना मुलगा नव्हता, म्हणून चुलतभाऊ पांडूदादाला ते तयार करत होते. तिन्हीसांजेला दिवा लागला की दोघं ओटीवर बसायचे. बाबा ओळ सांगायचे, पांडूदादा ती घोटायचा. पांडूदादा स्वभावानं सोन्यासारखा, पण गळा म्हणजे गंजलेली कडी. शिवाय तिसऱ्या ओळीला त्याचा डोळा लागायचा. मी आत, मधल्या दाराआड, तांदूळ निवडत बसलेली असायची. पांडूदादाला पहिली ओळ येईपर्यंत माझं कडवं पाठ व्हायचं.

एकदा बाबांनी दोनतीनदा विचारूनही त्याला पुढची ओळ आठवेना. माझ्या तोंडून ती आपसूक निघून गेली, हळूच, पण सुरात. बाबा ढोलकीचं ताणण आवळत होते, मान खाली होती. "शाबास, पांडू," ते म्हणाले. "आज सूर लागला तुझा." पांडूदादानं दचकून डोळे उघडले. आयेनं चुलीपाशी तोंडाला पदर लावला. मी मात्र त्या शाबासकीवर कितीतरी दिवस जळत होते. ती माझी होती आणि बाबांना ते ठाऊक नव्हतं.

शाळेतली बातमी माझ्याआधी साकव ओलांडून घरी पोचली होती. मी दप्तर ठेवते तोच बाबांनी विचारलं, "मास्तरान तुऱ्यात बसवलान, आणि तू बसलीस?"

मी पाण्याची कळशी उचलली.

"उद्या मी येतंय शाळेत," ते म्हणाले आणि कोयता घेऊन परड्यात गेले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत बाबा गेले, तर तिथं बाकाच्या एका टोकाला भागोजीबुवा आधीच येऊन बसलेले. त्यांचीही तीच तक्रार, नातवाला शक्तीत का घातलंत. बाबा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मधे दोन माणसं मावतील एवढी जागा. मला आणि विलासला दाराशी उभं केलं होतं. आवटी सरांना सगळा प्रकार कळला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही शाहिरांची माफी मागितली आणि म्हणाले, काही अडचण नाही, आत्ताच्या आत्ता दोन्ही रांगांच्या बाजू बदलून टाकतो.

माझा हिरमोड झाला. बाजू बदलली की आमच्या वाडीची पोरं शक्तीत येणार, आणि शक्तीच्या बाजूनं मुलगी पुढे उभी राहिलेली बाबांना चालणार नव्हती. तिथं दुसराच कुणीतरी मुलगा गाणार. माझं गाणं सुरू होण्याआधीच संपलं होतं.

तेवढ्यात भागोजीबुवांनी तंबाखू मळता मळता, कुणाकडेच न बघता म्हटलं, "बदला, बदला. बरा होईल. पाष्ट्यांच्या पोरीला तुऱ्याचा जवाब पेलणार नव्हताच."

बाबा उठायला निघाले होते ते थांबले.

"काय म्हणालास?"

"खरा तेच. तुऱ्याला डोका लागतो."

बाबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "मास्तर," ते म्हणाले, "हाय तसा ऱ्हावंदे. आणि बुवांच्या नातवाला शक्ती पेलते काय, तो पण बघूया."

इतक्या वर्षांत दोघं गाण्याबाहेर बोलले ते एवढंच. घरी आल्यावर बाबांनी मला बजावलं: मी बघायला येणार नाही, आणि माझ्या घरात तुऱ्याचं अक्षर ऐकू येता कामा नये. मला तेही चाललं असतं. गायला मिळत होतं. तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटायचंच, सगळा गाव ऐकणार आणि ज्यांनी ऐकावं ते तेवढे येणार नाहीत.

मग मी गोठ्यात सराव करायला लागले. म्हशीला काय, शक्ती आणि तुरा सारखाच. कवन आम्हीच पोरांनी रचलेलं. मला ते भलतंच झकास वाटत होतं:

टेल आमचा राजा रे, से तुमचा चाकर,
टेल खातो तूपपोळी, से खातो भाकर.

बाबा गोठ्याला लागूनच, पडवीत सुंभ वळत बसायचे. दोन दिवस ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. तिसऱ्या दिवशी मी 'भाकर' म्हटलं आणि पडवीतून आवाज आला, "ह्यो जवाब?"

मी शेणाची पाटी तशीच धरून उभी राहिले.

"समोर बसणार ते कोण?" बाबांनी विचारलं. त्यांचे हात चालूच होते. "सगळे भाकर खाणारे. त्यांना तू चाकर म्हणतेस? पहिल्याच ओळीला उठून जातील."

मी म्हणाले, मग काय म्हणू?

"मला काय इचारतेस? मला तुऱ्याशी काय करायचाय?" त्यांनी सुंभाला आणखी दोन पीळ दिले. मग तेच म्हणाले, "ते शब्द तरी कसले हायत?"

मी सांगितलं. से म्हणजे म्हणणं, टेल म्हणजे सांगणं. दोन्ही तसे सारखेच, पण वागणूक वेगळी. टेलला लागलीच माणूस लागतो. कुणाला सांगितलं, ते पाठोपाठ आलंच पाहिजे. से नुसता म्हणून मोकळा होतो. त्याला माणसापर्यंत जायचंच असेल तर मधे 'टू' घालावा लागतो.

"म्हणजे साकव," बाबा म्हणाले.

"व्हय. साकवच."

त्यांचे हात थांबले. "आणि देवाला गाऱ्हाणा घालतात तो कुणाचा?"

प्रार्थना से-ची, मी म्हणाले. गोष्ट टेलची. खरं सांगणं टेलचं आणि खोटं सांगणंही टेलचंच. अमुक कर, तमुक कर असं फर्मावणंही टेलचं. पण जसं कुणी बोललं तसंच्या तसं ठेवायचं असेल, तर बहुतेक से. आणि एसटीच्या पाटीवर काय लिहिलंय, ते सांगायचं तरी से.

"पाटीला खयचा तोंड?"

"नाय. तरी पाटी से करते."

बाबा पाटीवर बराच वेळ अडकले होते. मग त्यांनी विचारलं, दोघांत मोठा कोण? परीक्षेत दोघांना सारखेच मार्क आहेत, असं मी म्हटल्यावर ते पहिल्यांदा हसले.

"ऐक," ते म्हणाले. "समोरच्याला आधी मान द्यायचा. मान दिलास की तो गाफील होतो. मग त्याच्याच घरातली वस्तू उचलून त्याला दाखवायची. हा साकव त्याच्या घरातला. तो उचल."

आणि सुंभ बाजूला ठेवून, माझ्याकडे पाठ करून, भिंतीला सांगितल्यासारखं त्यांनी कडवं बांधलं:

से भाऊ, तुझा मान मोठा, देवापाशी तुझीच वाणी,
तुझ्यावाचून प्रार्थनेला अर्थ नाही, जाणे कोणी.
पण माणसापाशी जाया तुजला 'टू'चा साकव लागतो,
मी तर थेट अंगणी येऊन, नाव घेऊन सांगतो.

मी ते म्हणून दाखवलं. एक शब्द लांबला, तो त्यांनी आखडून घेतला. एका ठिकाणी श्वास घ्यायला लावला. रोज म्हशीचं दूध काढून झालं की एक कडवं व्हायचं. प्रत्येक वेळी ते सांगायचे, हे मी तुऱ्यासाठी करत नाही, जवाब लंगडा गेला तर नाव शक्तीच्या घराचं जाईल. सुंभ वळणाऱ्याचा पीळ तो. मला त्याचं हसू यायचं. पण शब्द सुधारले, ठेका सुधारला, श्वास सुधारला. गळ्याबद्दल बाबा कधी एक अक्षर बोलले नाहीत. पाठमोरेच बसायचे. त्यांना माझं गाणं ऐकू येत होतं की नुसते शब्दच, मला कळत नव्हतं.

स्नेहसंमेलन पौषातल्या एका दुपारी झालं. शाळेच्या अंगणात आंब्याच्या कलमाखाली दोन्ही वाड्या बसल्या होत्या, मधे गुरं जातील एवढी वाट सोडून. सडेवाडीची माणसं त्यांची पोरं तुऱ्यात बघून नाक मुरडत होती, पण आलेली सगळी होती. पुढच्या रांगेत भागोजीबुवा घोंगडी टाकून बसले. आमच्या ढोलकीवर पांडूदादा होता. त्याचा गळा कसाही असो, बोटं कधी चुकायची नाहीत. घरी भाकरी येईपर्यंत ताटावरही त्याची बोटं चालूच असायची. मी आमच्या बाजूला आये दिसते का पाहिलं, ती दिसली. बाबा नव्हते. सकाळीच कवळ तोडायला जातो म्हणून रानात गेले होते.

गण झाला. विलासनं पायातले चाळ वाजवले आणि पहिला सवाल टाकला:

मुकी पाटी नाक्यावरची, तीही माझ्या तोंडानं बोले,
तुझं तोंड तर माणूस दिसल्यावाचून कधी न खुले.
ज्याचा बोल तो तसाच ठेवी, काना-मात्रा मी न हलवी,
तू सांगताना पदरचं त्यात तिखट-मीठ... कालवी.

शेवटच्या शब्दाआधी तो थांबला, लोकांकडे बघून भुवई उडवली आणि मग शब्द सोडला. सडेवाडीत कुजबूज झाली. शब्दाआधी थांबून भुवई उडवायची ही खोड साऱ्या गावाला माहीत होती. ती भागोजीबुवांची. बुवा घोंगडीचे धागे उपटत बसले होते.

मी पुढे झाले. पांडूदादानं ठेका धरला आणि पाय त्यावर गेले. मी 'से भाऊ, तुझा मान मोठा' म्हटलं आणि आता भुवडवाडी कुजबुजायला लागली. साकवाची ओळ आली तेव्हा त्यांच्यातली गंगाआजी न राहवून म्हणाली, "मान देऊन चिमटा काढायचा, ह्यो तर रावजी."

आधी एकदोघं हसले. मग हसू वाटेच्या या बाजूहून त्या बाजूला गेलं. शक्तीच्या शाहिरानं तुऱ्याचा जवाब बांधला होता आणि तुऱ्याच्या शाहिरानं शक्तीचा सवाल. दोघांनीही घरात बसून, चोरून, समोरच्याचं शेत नांगरलं होतं. आवटी सरांना काय झालं ते कळेना. ते हसणाऱ्यांकडे बघून आपलं उगाच हसत होते.

सवाल-जवाब रंगले. हुकमाचं झालं, गोष्टीचं झालं, खऱ्या-खोट्याचं झालं. माझ्याजवळची कडवी संपत आली तसा मला धीर आला, कारण विलासचीही संपत आली असणार. तेवढ्यात भागोजीबुवांनी त्याला बोट वर करून खूण केली. विलासनं घाम पुसला आणि म्हणाला:

टेलदादा, शेवटचं विचारतो, जवाब दे मज खास,
तुला तर समोर माणूस हवा, त्यावाचून नाही श्वास.
ऐकणारा तो उठून गेला, ओस पडली ओटी,
मग सांगणं तुझं कोणासाठी? की वाणीच... खोटी?

हा सवाल आमच्या गोठ्यात कुणाला सुचला नव्हता. बाबांनी बांधून दिलेल्यात याचा जवाब नव्हता. विलासची पोरं धृपद घोळवायला लागली. रीत अशी की धृपद तीनदा होईस्तोवर जवाब यायला हवा, नाहीतर पक्ष हरला. पहिल्यांदा झालं. सडेवाडीची माणसं पुढे सरकली. मी ज्या जागी बाबांनी बसायला हवं होतं तिथं पाहिलं. तिथं आयेनं तिची पिशवी ठेवली होती. दुसऱ्यांदा झालं. विलासच्या चेहऱ्यावरही आता काळजी होती, त्याला मला असं पाडायचं नव्हतं. पांडूदादानं मान डोलावत ठेका थोडा संथ केला. ढोलकीवरची त्याची ती डुलणारी मान बघितली आणि मला आमची ओटी दिसली, दिवा दिसला, मधलं दार दिसलं. तिसरं धृपद संपता संपता मी सूर लावला. शब्द कुठून येत होते कोण जाणे:

से भाऊ, ओटी ओस म्हणून सांगणं का वाया जाई?
दाराआडून ऐकतं कुणी, सांगणाऱ्या दिसत नाही.
समोर होता बसला त्याचा डोळा लागून गेला,
दाराआडचीनं शब्द न शब्द पदरी बांधून नेला.

मग पांडूदादा ढोलकी सोडून मोठ्यानं म्हणाला, "तो डोळा लागलेला मीच," आणि पोट धरून हसायला लागला. त्याच्या मागोमाग अंगण हसलं. भुवडवाडीच्या माणसांनी टाळ्या दिल्या. त्यांच्या तुऱ्याची लाज राखली गेली होती ना. आये हसत नव्हती. ती पदरानं डोळे पुसत होती.

भागोजीबुवा मात्र मागे वळून बघत होते. शाळेच्या मागच्या अंगाला दगड रचलेला पुरुषभर उंच गडगा आहे. गडग्याच्या वर कवळाचा एक मोठा भारा दिसत होता. भाताच्या रोपांचा तरवा भाजायला तोडलेल्या हिरव्या फांद्यांचा तो भारा गणापासून तिथंच होता, म्हणे, आणि तसूभर हलला नव्हता.

"रावजी," बुवांनी हाक मारली, "भारा उतर आता. मान मोडंल."

भारा हलला. बाबा गडग्याला वळसा घालून आले. डोक्यावरचं ओझं त्यांनी कलमाच्या बुंध्याशी टाकलं. टोपीत पानं अडकली होती, मान आखडून एका बाजूला झाली होती. अंगणातलं हसणं आपोआप थांबलं.

भागोजीबुवांनी विचारलं, "शेवटचा जवाब तू बांधलास?"

"नाय."

"मंग?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस पाठमोरं बसून कवनं सांगणारा माणूस, पहिल्यांदा समोरून. "तिचा," ते म्हणाले.

आवटी सरांनी उत्साहानं विचारलं, मग जिंकलं कोण? दोन्ही वाड्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की सर ओशाळले. भागोजीबुवांनी त्यांना समजावलं की असं विचारायचं नसतं, आता आरती करायची असते. आरतीला दोन्ही शाहीर शेजारी शेजारी उभे राहिले. मधली वाट केव्हाच मोडली होती. वार्षिक परीक्षेत आमच्या वर्गातल्या एकानंही 'ही सेड मी' लिहिलं नाही. एका पोरानं तर उत्तराखाली 'साकव विसरलो नाही' असंही लिहून ठेवलं होतं. त्याचा अर्धा मार्क सरांनी वाढवला की कापला, यावर आमचं अजून एकमत नाही.

त्या दिवशी घरी जाताना बाबा पुढे, मी मागे. भारा आता पांडूदादाच्या डोक्यावर होता. साकवावर आल्यावर बाबा थांबले, कठड्याला हात ठेवून.

"किती पाठ हाय तुला?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"गण?"

"गण, गौळण, सगळं. आजोबांची दोन कवनंही. तुम्ही पांडूदादाला सांगत होतात तेव्हा."

ते खाली पाण्याकडे बघत राहिले. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी मान वर केली. "एक दिस पांडूचा सूर लागला होता. ढोलकी आवळत होतो तेवा."

"तो पांडूदादाचा नव्हता."

"माझा नव्हताच," पांडूदादा भाऱ्याखालून म्हणाला. "मी तेवाच सांगणार होतो. पण शाबासकी कोण सोडतो, काका?"

बाबा हसले नाहीत. त्यांनी नुसतं, "मला वाटलाच नाय," एवढं म्हटलं, आणि साकव उतरेपर्यंत तेच दोनदा म्हटलं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही. त्यांची दया आली, आणि फार बरंही वाटलं.

भाद्रपदात गौरी आल्या. आमच्या अंगणात जाखडी उभी राहिली. सडेवाडी तर होतीच, पण भुवडवाडीची माणसंही साकव ओलांडून आली होती. भागोजीबुवा ओटीच्या पायरीवर बसले, विलास त्यांच्या पाठीशी. पांडूदादा ढोलकीवर होता आणि त्याच्याइतकं सुखी त्या अंगणात कुणी नव्हतं. बाबांनी नेहमीप्रमाणे गण म्हटला. म्हणून झाल्यावर हातातली झांज त्यांनी दोन बोटांनी थांबवली, माझ्या हातात दिली आणि स्वतः जाऊन ओटीवर, समोर, मांडी घालून बसले.

"सांग," ते म्हणाले.

अंगण वाट बघत होतं. मी झांज धरली, पण मला आधी मधल्या दाराकडे बघावंसं वाटलं. दार अर्धं लोटलेलं होतं आणि फटीतून लुगड्याचा काठ दिसत होता.

"आये, बाहेर ये," मी म्हणाले.

तिनं नको नको केलं. मग बाबांनीच सरकून तिच्यापुरती जागा केली. आये पदर सावरत ओटीवर आली, त्यांच्या शेजारी बसली. मग मी सुरू केलं.